समुद्र जिथे होता, तिथून मुंबई
(लेखमाला : किनाऱ्यावरची शहरं – भाग सहावा)

मागच्या भागात घारापुरीची लेणी पाहिली. या भागात मुंबई शहर. पुण्या-नाशकाहून किंवा नागपूर-कोल्हापूरहून दोन दिवसांसाठी मुंबई बघायला येणाऱ्या कुटुंबाची यादी बहुधा ठरलेली असते : गेटवे, म्युझियम, मरीन ड्राइव्ह, म्हातारीचा बूट, हाजी अली, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, राणीची बाग आणि जमलं तर जुहू. या यादीत वाईट काहीच नाही. पण टॅक्सीने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात ती पुरी केली की ही ठिकाणं तिथेच का आहेत आणि त्यातली इतकी सगळी पाण्याच्या काठाशीच का आहेत, हा प्रश्नही मनात येत नाही. माझं म्हणणं असं आहे की मुंबई पाहायची तर किनाऱ्याची रेषा धरून पाहावी. आजच्या किनाऱ्याची, आणि त्याहून जास्त कालच्या किनाऱ्याची. या शहरात जे प्रेक्षणीय म्हणून दाखवलं जातं त्यातला मोठा भाग समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर किंवा अशा जमिनीच्या कडेला उभा आहे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवून निघालं तर यादीतली तीच ठिकाणं एकमेकांशी बोलू लागतात.

सात बेटांची नावं शाळेत पाठ केलेली असतात : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. १६६१च्या विवाहकरारात पोर्तुगालने ती इंग्लंडच्या राजाला दिली आणि १६६८मध्ये राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवली, हेही ऐकलेलं असतं. बेटं म्हटलं की चहूबाजूंनी निळं पाणी डोळ्यांपुढे येतं. इथे मात्र तसं नव्हतं. पश्चिमेला मलबार हिल, कंबाला हिल आणि वरळी ही काळ्या कातळाची एक रांग. पूर्वेला डोंगरी, माझगाव, शिवडी आणि अँटॉप हिल अशी दुसरी. मधला सगळा भाग सखल, परातीसारखा. भरतीला पश्चिमेकडच्या खिंडारांतून समुद्र आत शिरायचा आणि ओहोटीला मागे चिखल, खाजण आणि दलदल ठेवून जायचा. म्हणजे बेटांच्या मधलं पाणी दिवसातून दोनदा यायचं आणि दोनदा जायचं. मुंबईचा पुढचा सगळा इतिहास या येण्या-जाण्याला बांध घालण्याचा आहे, आणि तो पाहायला हाजी अलीच्या चौकाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधलं खिंडार सगळ्यांत मोठं होतं. १७७१ ते १७८४ या काळात गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत ते दगडी बांधाने बुजवण्यात आलं. हॉर्नबी वेलार्ड म्हणून ओळखला जाणारा हा बांध आज लाला लजपतराय मार्ग आहे. त्या रस्त्याच्या पदपथावर उभं राहून आधी पश्चिमेकडे पाहावं. समोर हाजी अलीचा दर्गा, पंधराव्या शतकापासूनचा, खडकाच्या बेटावरचा. तिथे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला उघडी पडते. पूर्वी या भागातले सगळेच रस्ते असे होते, आणि मुंबईत भरती-ओहोटीच्या मर्जीने चालणारी अशी वाट शहराच्या मध्यावर आता ही एवढीच उरली आहे. मग पाठ फिरवून पूर्वेकडे पाहावं. तिथे रेसकोर्सचं विस्तीर्ण सपाट मैदान आहे. १८८३मध्ये तिथे घोडे धावू लागले, त्याआधी ती दलदल होती, आणि बांध पडण्याआधी तिथे समुद्राचं पाणी होतं. बांधाच्या एका बाजूला खडक आणि लाटा, दुसऱ्या बाजूला पाणी अडल्यामुळे वर आलेली जमीन : शहर कसं झालं हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा रस्ता मला माहीत नाही. आता दर्ग्याच्या आणि या रस्त्याच्या आसपास २०२४मध्ये टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या किनारी रस्त्याचा नवा भराव पसरला आहे. दोनशे चाळीस वर्षांच्या अंतराने केलेली दोन कामं नजरेच्या एका टप्प्यात येतात.

महालक्ष्मीचं देऊळही याच कामाशी बांधलेलं आहे. बांध वारंवार ढासळत होता, तेव्हा त्या कामावरच्या रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, खाडीच्या तळातून मूर्ती बाहेर काढायला तिने सांगितलं आणि त्यानंतर बांध टिकला, अशी कथा सांगितली जाते. कथेची कागदोपत्री खातरजमा करणं अवघड आहे. पण मुंबईने आपल्या सर्वांत मोठ्या देवस्थानांपैकी एकाचा उगम भरावाच्या कामात पाहिला, हे त्या कथेतलं सत्य आहे. आजचं देऊळ १८३१ साली धाकजी दादाजी यांनी बांधलं असं मानतात. दर्शनाच्या रांगेत तासभर उभं राहणाऱ्या पाहुण्याला देवळामागे खडकावर आपटणारा समुद्र दिसतो, पण तोच समुद्र एकेकाळी टेकडीला वळसा घालून भायखळ्याच्या बाजूला जायचा, हे त्याला कुणी सांगत नाही.

बांधाने पाणी अडवलं, पण जमिनीची उंची वाढवली नाही. हे न समजल्यामुळे आपण मुंबईच्या पुराकडे केवळ पावसाची किंवा पालिकेची गोष्ट म्हणून पाहतो. ताडदेव, मुंबई सेंट्रल, कामाठीपुरा, भायखळ्याचा खालचा भाग हे सगळं त्या परातीच्या तळात आहे. एकोणिसाव्या शतकात टेकड्या फोडून आणलेल्या दगडमातीने, आणि शहरातला केरकचरा टाकून, हा तळ भरत आणला गेला. तरीही तो भरतीच्या पातळीच्या जेमतेम वरच राहिला. पावसाचं पाणी नेणाऱ्या नाल्यांना उतार थोडा, आणि त्यांची तोंडं समुद्रात जिथे उघडतात ती मोठ्या भरतीच्या पातळीखाली. त्यामुळे जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्यातलं पाणी बाहेर जायचं सोडाच, समुद्रच आत येऊ पाहतो. अशा वेळी दरवाजे बंद करून पाणी पंपांनी उचलून समुद्रात फेकावं लागतं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला, गझदरबंध इथली उदंचन केंद्रं हेच काम करतात. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत पंपांना कोण जागा देणार, असं कुणी विचारेल. पण हॉर्नबीचा बांध आणि हाजी अलीचं उदंचन केंद्र ही एकाच कामाची सुरुवात आणि पुढची पायरी आहे. एक पाहिलं आणि दुसरं पाहिलं नाही तर अर्धीच मुंबई पाहिली.

दक्षिणेकडे गेलं की भरावाचं कारण बदलतं. वेलार्डने दलदल आवरली, कॉजवेंनी बेटं जोडली : शीवचा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कुलाब्याचा १८३८मध्ये, माहीमचा १८४५मध्ये लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून. त्यानंतर मात्र जमीन ही गरज न राहता व्यापाराची वस्तू झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा ओतला गेला आणि बॅकबेच्या उपसागरात भराव घालण्यासाठी कंपन्या निघाल्या. युद्ध संपलं, भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या. त्या तेजीत अग्रभागी असलेले प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून आईच्या नावाने उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८मध्ये पूर्ण झाला. तो ओव्हल मैदानाच्या पूर्वेला आहे. मैदानाच्या मधोमध उभं राहून पाहावं : पूर्वेकडे टॉवर, विद्यापीठ, हायकोर्ट, म्हणजे किल्ल्याचे तट पाडल्यानंतर उभी राहिलेली एकोणिसाव्या शतकातली गॉथिक मुंबई. पश्चिमेकडे गोल कोपऱ्यांच्या, सरळ रेघांच्या, फिकट रंगांच्या आर्ट डेको इमारतींची रांग, १९३०च्या दशकातली. त्या रांगेच्या जागेवरून पूर्वी कुलाब्यापर्यंत रेल्वे जायची आणि रुळांच्या पलीकडे समुद्र असायचा. कुलाबा स्टेशन १९३० अखेर बंद झालं, गाड्या चर्चगेटला थांबू लागल्या आणि पलीकडच्या पाण्यात भराव झाला होताच. २०१८मध्ये युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मान्यता इमारतींना मिळाली. पण दोन शतकं समोरासमोर उभी राहिली ती मध्ये किनारा सरकला म्हणून, हे त्या मैदानावर क्रिकेट पाहत बसलेल्या माणसाला कळलं तर त्या इमारती अधिक सुंदर दिसतात, असं मला वाटतं.

मरीन ड्राइव्हची कथाही अशीच अर्धी सांगितली जाते. साडेतीन किलोमीटरच्या आसपास असलेला हा वळणदार रस्ता म्हणजे मुंबईचं चित्र, आणि संध्याकाळी कठड्यावर बसण्यासारखं सुख नाही, हे कुणीही मान्य करेल. १९२०च्या दशकात गव्हर्नर लॉइड यांच्या काळात बॅकबेची योजना पुन्हा हाती घेतली गेली. आठ तुकड्यांत भराव घालायचा होता. खर्च वाढत गेला, अंदाज चुकले, आणि खुर्शेद नरीमन यांनी या कामातल्या गैरव्यवहारावर विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांतून हल्ला चढवला. त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला गेला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. आठपैकी चारच तुकडे पुरे होऊन योजना थांबली. मरीन ड्राइव्ह हे त्या पुऱ्या झालेल्या कामाचं फळ आहे. थांबलेल्या कामाचंही एक दृश्य आजही शाबूत आहे, आणि ते पाहायला फार थोडे लोक जातात. नरीमन पॉइंट आणि कफ परेड यांच्यामध्ये समुद्राचा एक कोपरा आत आलेला दिसतो. तिथे मच्छीमारनगरच्या होड्या नांगरलेल्या असतात, जाळी वाळत घातलेली असतात, आणि मागे उंच कार्यालयांच्या भिंती. तो कोपरा उरला आहे तो भराव तिथपर्यंत पोचला नाही म्हणून. स्वातंत्र्यानंतर घातलेल्या भरावावर उभ्या असलेल्या नरीमन पॉइंटला नाव मात्र त्या भरावाविरुद्ध लढलेल्या माणसाचं आहे.

पूर्व किनाऱ्यावर पर्यटक गेटवेपुरता जातो. १९११मध्ये पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरले त्याची आठवण म्हणून बांधलेली ही कमान १९२४मध्ये पूर्ण झाली, आणि तिच्यासाठीही आधी भराव घालून नवी समुद्रभिंत बांधावी लागली. तिथून उत्तरेला चालत गेलं की बॅलार्ड इस्टेट लागते : शांत, आखीव, झाडांच्या सावलीतले रस्ते आणि एका उंचीच्या दगडी इमारती. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खोदताना निघालेल्या दगडमातीवर १९१४ ते १९१८च्या दरम्यान ही वसली. त्याआधी प्रिन्सेस गोदी खोदताना चिखलाखाली गाडलेल्या झाडांचे बुंधे सापडले होते, म्हणजे कधीकाळी तिथे पाण्याच्या जागी जंगल होतं. ती गोदी पुढे कंटेनर ठेवण्यासाठी बुजवण्यात आली. जमीन, समुद्र, गोदी आणि पुन्हा जमीन, हे सगळं एका जागी झालं. भाऊचा धक्काही याच किनाऱ्यावर. लक्ष्मण अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल यांनी १८४१मध्ये भराव घालून मूळ धक्का बांधला, आणि आजही रेवस-मोऱ्याला जाणारा कोकणी माणूस त्यांच्याच नावाने धक्क्यावर उतरतो. गव्हर्नरांची नावं पुसली गेली, भाऊंचं टिकलं. आणखी वर शिवडीला हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी चिखलात रोहित पक्षी उतरतात, मागून अटल सेतू पलीकडे जातो. चिखलाचा तो पट्टा म्हणजे भराव न झालेली मुंबई कशी असते याचा नमुना आहे.

या आग्रहावर आक्षेप येतील, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला असा की जुना किनारा दिसतच नाही. त्यावर इमारती आहेत, तेव्हा पाहायचं काय? हे अर्धं खरं आहे. डोंगरी आणि माझगाव यांच्यामधल्या उमरखाडीत आज खाडीचं पाणी शोधून सापडणार नाही. पण उतार पुसता येत नाही. डोंगरीच्या चढावरून खाली येणारा रस्ता कुठे सपाट होतो हे पायांना कळतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी कुठे साचतं हे डोळ्यांना दिसतं. ज्यांना वाचूनच निघायचं आहे त्यांच्यासाठी गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ आहे, १८६३चं. आपल्याच भाषेतल्या माणसाने, भराव चालू असतानाच्या काळात, हे शहर बारकाईने नोंदवून ठेवलं आहे. हे पुस्तक मुंबईला येण्याआधी चाळणारा मराठी पाहुणा दुर्मीळ असावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरा आक्षेप वेळेचा. दोन दिवस हाती, बरोबर लहान मुलं आणि आजी-आजोबा, त्यात बांध आणि गोद्यांचा अभ्यास कोण करणार? याचं उत्तर असं की रेषा धरून फिरल्याने ठिकाणं वाढत नाहीत, क्रम बदलतो. सकाळी गेटवे, तिथून चालत बॅलार्ड इस्टेट, दुपारी ओव्हल, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह, म्हणजे पूर्वेचा भराव, मधली जुनी जमीन आणि पश्चिमेचा भराव, हे एका दिवसात बसतं आणि ओव्हलपासून पुढचा रस्ता तर आजी-आजोबांनाही झेपतो. दुसऱ्या दिवशी महालक्ष्मी, हाजी अली आणि वरळी. तीन ठिकाणं एका बांधाच्या आसपास आहेत. एक सुचवावंसं वाटतं : या प्रवासात भुयारी मेट्रो टाळावी. ती सोयीची आहे, पण जमिनीखालून गेल्यावर चढ-उतार आणि पाणी काहीच दिसत नाही. बेस्टची बस किंवा पश्चिम रेल्वेची लोकल बरी. मुलांना यात रस वाटणार नाही ही भीतीही फोल आहे. पाण्याखाली गेलेली वाट काही तासांनी पुन्हा वर येते हे पाहण्यासारखा चमत्कार मुलांसाठी दुसरा नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. भराव म्हणजे कुणाच्या तरी समुद्रावर घातलेला घाव. मुंबईचे मूळ रहिवासी कोळी, आणि प्रत्येक भरावाबरोबर त्यांची मासळीची जागा, होड्या लावायची जागा, जाळी वाळवायची जागा आकसत गेली. मग भरावालाच प्रेक्षणीय म्हणणं म्हणजे त्याचं कौतुक करणं नाही का? मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच रेषा धरून पाहण्याचा आग्रह आहे. मरीन ड्राइव्हवर फक्त दिवे पाहणाऱ्याला कोळी दिसत नाहीत. किनारा कुठे होता हे विचारणाऱ्याला पहिल्याच उत्तरात ते दिसतात. वरळी कोळीवाड्याचं ताजं उदाहरण घ्या. सागरी सेतू २००९मध्ये झाला. मग किनारी रस्ता आला आणि क्लीव्हलँड बंदराजवळ त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं. लाटा आणि वारा असताना त्यातून होड्या सुरक्षित जाणार नाहीत, असं मच्छीमार सांगत राहिले, काम अडवत राहिले, आणि शेवटी पालिकेने ते अंतर १२० मीटर करायला मान्यता दिली. समुद्र कुठून कसा वळतो हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक असलेल्या माणसांचं म्हणणं आराखड्यात यायला वर्षं लागली. वरळीच्या किल्ल्यावर जाणाऱ्या पाहुण्याने कोळीवाड्याच्या गल्ल्यांतून चालावं, सागरी सेतूच्या फोटोबरोबर तो १२० मीटरचा गाळाही पाहावा. तिथे वावरताना घरासमोर सुकत घातलेल्या मासळीचे किंवा माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. हीच गोष्ट १८७५च्या ससून डॉकची. पहाटेच्या अंधारात तिथे लिलाव चालतो, बर्फाच्या गाड्या ढकलल्या जातात, कोळणी पाट्या डोक्यावर घेऊन घाईत असतात. पाहायला जरूर जावं, पण वाटेत उभं राहू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जाण्यात अर्थ नाही.

राहिला प्रश्न वेळ ठरवण्याचा. त्यासाठी घरातली दिनदर्शिका पुरते. मुंबईत अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या सुमाराला येते आणि खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं-उतरतं, आणि ओहोटी दुपारी. दररोज ही वेळ पाऊणएक तासाने पुढे सरकते. हाजी अलीला जायचं असेल, खडकांवरचे जीव पाहायचे असतील, शिवडीला पक्षी पाहायचे असतील, तर आधी तिथी पाहावी. उलट पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवर उसळणाऱ्या लाटा पाहायला जाणाऱ्यांनी पालिकेने जाहीर केलेल्या साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा आधी वाचाव्यात आणि त्या वेळी कठड्यापासून लांब थांबावं. दरवर्षी तिथे माणसं वाहून जातात.

शेवटी एक मागणी मुंबई महापालिकेकडे, आणि तिच्यामागे वाचकांनीही उभं राहावं. चर्चगेटसमोर, उमरखाडीत, लाला लजपतराय मार्गावर, बॅलार्ड पिअरला, जिथे जिथे पूर्वी किनारा होता तिथे पदपथावर एक साधी फरशी बसवावी. वर मराठीत तीनच गोष्टी असाव्यात : इथे समुद्र होता, तो कोणत्या साली हटवला, आणि कुणी. खर्च नगण्य आहे आणि जुने नकाशे उपलब्ध आहेत. पुढच्या भागात माहीमच्या खाडीपलीकडे, साष्टीत जाऊ.